मावशीपेक्षा मोठं माणूस

वकीलसाहेब नवा काळा कोट घालून आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जायला लागले. बाह्या उलट्या लागल्या होत्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. शिवण मात्र अशी बारीक आणि सरळ, की नाव ठेवायला जागा नाही. कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारा हा माणूस, पण समोर मावशी गळ्यात टेप अडकवून उभी होती. त्यानं मुकाट्यानं मान डोलावली, कोट झकास झालाय म्हणाला आणि बागेत फिरायला निघाल्यासारखे हात पाठीशी बांधून दुकानाबाहेर पडला. भाचीनं मागच्या दारानं धावत जाऊन त्याला कोपऱ्यावर गाठलं, कोट परत मागून घेतला, दहा वेळा माफी मागितली. तर वकीलसाहेबच उलट तिची विनवणी करायला लागले, की बाईंना यातलं काही कळू देऊ नका.

बाई म्हणजे मावशी. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, उंची पाच फूट आठ इंच, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला दचकून साखर जास्त टाकायचा. दुकान तसं काही मोठं नव्हतं. रस्त्याकडेला एक लांबट खोली, तीन शिलाई मशीन, मधे कापायचं टेबल, मागे इस्त्री, आणि माडीवर राहायच्या दोन खोल्या. भाची पंचेचाळीस वर्षांची, कापायचं काम तिच्याकडे. भाचीची आई काजंबटणं करायची आणि मावशी म्हणेल त्याला हो म्हणायची. या दुसऱ्या कामात तिचा हात कुणी धरला नसता. सत्त्याहत्तराव्या वर्षीसुद्धा ती खिडकी उघडायच्या आधी विचारायची, ‘ताई, उघडू का?’

या घराचा कायदा एका ओळीचा होता. घरात जे सगळ्यात मोठं, त्याचा शब्द शेवटचा. भाचीच्या पणजोबांनी तो केला आणि ते गेल्यापासून मावशीनं चालवला. दुकानाच्या फळीचा रंग तिनं ठरवला, भाचीच्या आईचा नवरा तिनं ठरवला, भाचीनं शाळा कधी सोडायची आणि मांजर पाळायचं की नाही, हेही तिनंच. आता खरं सांगायचं तर तिचे निर्णय वाईट नव्हते. नवरा चांगला निघाला, जगला असता तर अजून चांगला निघाला असता. मांजराच्या बाबतीत मात्र ती चुकली, असं भाचीचं ठाम मत होतं.

पण आता गोष्ट मांजरापेक्षा मोठी होती. मावशीला दिसेनासं झालं होतं आणि ती ते कबूल करायला तयार नव्हती. सुईत दोरा ओवता आला नाही की ती सुई बनवणाऱ्यांना शिव्या घालायची. हल्ली मेले भोकं बारीक पाडतात, म्हणायची. पायरी चुकली की पायरी करणाऱ्या गवंड्याचा उद्धार. समोरून येणारं माणूस ओळखू आलं नाही की त्यानंच हाक मारायला हवी होती. शेवटी भाचीनं खोटंच सांगून, म्हणजे डॉक्टरांचे डगले शिवायची ऑर्डर आहे अशी थाप मारून, तिला, आणि सोबत आईला, डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता आणि त्याला मावशी कोण हे माहीत नव्हतं, त्यामुळे तो स्पष्ट बोलला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पूर्ण पिकलाय, अजून थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही काही उपयोग व्हायचा नाही. फार तर दोन महिने आहेत हातात.

मावशीनं त्याच्या डगल्याची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली, कुणी शिवली असली भिकार कॉलर असं विचारलं आणि उठून चालू लागली.

घरी आल्यावर भाचीनं सगळं करून पाहिलं. समजावलं, रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी भूक आवरली नाही म्हणून जेवली. आईला मधे घातलं, तर आई दवाखान्यात डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि घरी मावशीच्या प्रत्येक वाक्याला. शेवटी मावशीनं मशीन थांबवलं आणि फैसला सुनावला.

‘या घरात मोठ्यांचं ऐकायची पद्धत आहे, लहानांचं नाही. माझ्यापेक्षा मोठं कुणी आपल्या माणसांत शिल्लक असेल तर आण शोधून. ते म्हणालं ऑपरेशन कर, तर त्याच दिवशी जाते.’

दुसरं कुणी असतं तर समजलं असतं की विषय संपला. पण भाचीही त्याच छपराखाली वाढलेली होती आणि हट्टीपणा हा त्या घरात हवेतूनच लागायचा. ती म्हणाली, आणते. मावशी हसली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

दुकानाला सोमवारी सुट्टी. पहिल्याच सोमवारी भाची सरकारी अभिलेखागारात जाऊन थडकली. जन्म, मृत्यू, लग्नं, घरोघरची शिरगणती, सगळी जुनी दप्तरं तिथं ठेवलेली असतात आणि लोक तिथं आपले पूर्वज शोधायला येतात, एवढं तिनं एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. जिना चढून वर लांबलचक खोली, उंच खिडक्या, हिरव्या रेक्झीनची टेबलं आणि डांबरगोळ्यांचा वास. चारपाच माणसं माना खाली घालून वाचत होती. कुणी खोकलं तरी बाकीचे वर बघायचे. टोकाला मोठ्या टेबलामागे निळा ॲप्रन घातलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली एक बारीक बाई पेन्सिलींना टोक काढत बसली होती. तिला सगळे रेकॉर्डबाई म्हणत. पेन आत आणायचं नाही, पेन्सिलच वापरायची. आधी हात धुवायचे, मग कोरडे करायचे, मग ते तिला दाखवायचे. एका वेळी एकच गठ्ठा. गठ्ठे कापडात बांधलेले असायचे, त्यांना ती रुमाल म्हणायची, आणि रुमालाची गाठ फक्त तीच सोडायची, तीच बांधायची.

काय शोधायचंय, असं तिनं विचारलं. भाचीनं सांगितलं, मावशीपेक्षा मोठं माणूस शोधायचंय. जिवंत.

रेकॉर्डबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. तीस वर्षांत त्यांच्याकडे लोक मेलेली माणसं शोधायला आले होते. कुणाला जमिनीसाठी आजोबा हवा होता, कुणाला मिरवायला सरदार हवा होता, एकाला तर आपण कुणाचेच कुणी नाही असं सिद्ध करून हवं होतं. जिवंत माणूस मागणारी ही पहिलीच. त्यांनी फॉर्म पुढे केला. त्यात ‘शोधाचे कारण’ असा रकाना होता. भाचीनं बराच विचार केला आणि लिहिलं, ‘मावशी ऐकत नाही.’ रेकॉर्डबाईंनी ते वाचलं आणि शिक्का मारला.

मग सुरू झाली शोधाशोध. पणजोबांना चार भावंडं, त्या भावंडांना मुलं, मुलांना मुलं. भाचीनं दुकानातल्या पॅटर्नच्या मोठ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. शिंप्याच्या हाताला सवय, त्यामुळे तिची वंशावळ पँटच्या कापासारखी वरून एक आणि खाली दोन पायांत गेलेली दिसायची. एका शिरगणतीत पणजोबांची बहीण सापडली. तिला मुलगी, म्हणजे आज असली तर ब्याण्णव वर्षांची. भाचीला अगदी भरून आलं, की चला, मिळाली आजी. पुढच्या रुमालात ती आजी बारा वर्षांपूर्वीच गेल्याची नोंद निघाली. दुसऱ्या भावाचा मुलगा सापडला, तो जहाजावर खलाशी होता आणि मावशीपेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याच्या नावावर तिसऱ्या वहीत काट. कधी जन्माच्या वहीत नुसती भेट व्हायची, मुलगी, जिवंत, आईबाप सुखरूप. आणि दोन पानांनंतर मृत्यूच्या वहीत तीच मुलगी तीन दिवसांची. तीन सोमवारांत भाचीला नऊ नातेवाईक मिळाले आणि नऊच्या नऊ हातचे गेले. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी ती खरोखरची हळहळायची, बसमध्ये नाक पुसत घरी यायची. मावशी दारातच विचारायची, मिळालं का गं कुणी मोठं? भाची मान हलवायची. मावशीला मानही दिसायची नाही, मग तोंडानं नाही म्हणावं लागायचं.

तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी वंशावळ संपली. वर कुणी उरलं नव्हतं. घरात समजावण्या-भांडण्यात गेलेले दिवस धरून दोन महिन्यांतले पाच आठवडे उलटले होते. भाचीनं हात टेकले, कागद गुंडाळला आणि रेकॉर्डबाईंना सांगितलं की आमची मावशीच सगळ्यात मोठी आहे, बाई, नशीब माझं.

रेकॉर्डबाईंनी विचारलं, ‘मावशीची स्वतःची जन्माची नोंद पाहिलीत?’

ती कशाला पाहायची, भाची म्हणाली. मावशी अठ्ठ्याहत्तर, आई सत्त्याहत्तर, घरात सगळ्यांना माहीत आहे.

‘घरात सगळ्यांना माहीत आहे, असा रकाना आमच्याकडे नाही,’ रेकॉर्डबाई म्हणाल्या.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मावशी आणि भाचीची आई या सख्ख्या बहिणी नव्हेत, चुलत बहिणी. पणजोबांना दोन मुलगे. एक बंदरावर क्रेन चालवायचा, दुसरा साखर कारखान्यात भट्टीवर होता. दोघेही लांब, दोन टोकांना. दोघांनाही एकेक मुलगी झाल्याची पत्रं आली होती, पण पणजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पोस्टमनकडून एकदा वाचून घेतली, खूश झाले आणि कागद चांगला जाड आहे म्हणून पत्रांचे कॉलरचे साचे कापले. कुठलं पत्र आधी आलं, ते पुढे विसरूनही गेले. मग तापाची साथ आली आणि दोन्ही मुलांची घरं एका महिन्यात रिकामी झाली. आठ दिवसांच्या अंतरानं दोन परकी माणसं दोन पोरी दुकानात आणून सोडून गेली. कोण थोरली, कोण धाकटी, हे सांगायला कुणी उरलं नाही. पोरींना वय विचारलं तर एकीनं चार बोटं दाखवली आणि तिचं बघून दुसरीनंही चार दाखवली.

पणजोबा शिंपी होते. माणूस बोलतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, माप घ्यायचं, हा त्यांचा धंद्यातला नियम. त्यांनी दोघींना टेबलावर उभं केलं आणि गळ्यातला टेप काढला. क्रेनवाल्याची मुलगी दोन इंचांनी उंच भरली. झालं, ती थोरली. त्यांनी मापाच्या वहीत तसं लिहायला लावलं आणि त्या दिवसापासून उंच पोरीच्या डोक्यावर धाकटीची जबाबदारी पडली. नवा फ्रॉक आधी थोरलीला, मग तोच शिलाई आत घेऊन धाकटीला. मार आधी थोरलीला, कारण तिला कळायला हवं होतं. दहाव्या वर्षी शाळा सुटली तीही थोरलीची, कारण दुकानात कुणीतरी बसायला हवं होतं. ही सगळी हकिगत घरात हसत हसत सांगितली जायची, टेपसकट. पण टेपनं उंची कळते, वय नाही, हे चौऱ्याहत्तर वर्षांत त्या घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. शिंप्याचं घर ना.

चौथ्या सोमवारी रेकॉर्डबाईंनी दोन वह्या काढून ठेवल्या होत्या, बंदराची एक आणि कारखान्याच्या गावाची एक. एकीची गाठ सोडली, पान काढलं, ओळीखाली कागदाची पट्टी सरकवली. मुलगी, जिवंत, बापाचं नाव, धंदा, क्रेनवाला, आणि तारीख, नऊ जानेवारी. ती वही बांधली, मग दुसरी सोडली, कारण एका वेळी एकच. मुलगी, जिवंत, बापाचं नाव, धंदा, कारखान्यात भट्टीवर, तारीख तीन फेब्रुवारी. आदल्या वर्षीची.

भाचीनं बोटांवर मोजलं. मग पेन्सिलीनं लिहून मोजलं. मग रेकॉर्डबाईंनी मोजून दिलं. तिची आई मावशीपेक्षा अकरा महिने आणि सहा दिवसांनी मोठी होती.

ती खुर्चीत बसून हसायला लागली. सगळ्या माना वर झाल्या. अख्खं खानदान उपसून ज्या माणसाला ती शोधत होती, ते माणूस त्या वेळी सुट्टीच्या दिवशीही दुकानात बसून बटणं लावत होतं आणि खिडकी उघडायला परवानगी मागत होतं.

दोन्ही नोंदींच्या शिक्क्याच्या नकला काखोटीला मारून ती घरी आली आणि आधी आईला माडीवर नेऊन सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई हरखून जाईल. आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती दार लावून आली आणि म्हणाली, फाडून टाक ते कागद, ताईनं पाहिले तर काय वाटेल तिला. भाचीनं समजावलं, की अगं, आता तू मोठी, तू सांगितलंस तर मावशीला ऐकावंच लागेल, तिचाच शब्द आहे तो. आईनं कानांवर हात ठेवले. या वयात मी थोरली कशी होऊ, मला सवय नाही, असं म्हणायला लागली. मला काही ठरवता येत नाही, भाजी कुठली करायची तेसुद्धा येत नाही. ताईशी मोठ्यानं मी कधी बोललेली नाही. तूच सांग तिला, मी जिन्याखाली उभी राहते.

मग काय, भाचीनंच सांगितलं. मावशीनं मशीन थांबवून सगळं शांतपणे ऐकलं. नकला हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. ‘ही नक्कल आहे,’ ती म्हणाली. ‘नक्कल कुणीही करतं. मला असल दाखव. मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही.’

माझ्या डोळ्यांनी, हे ती नेमकं म्हणाली, आणि भाचीनं जीभ चावली.

पाचव्या सोमवारी तिघी निघाल्या. मावशीनं ठेवणीतले कपडे काढले, स्वतः इस्त्री केली आणि बाहीवर एक डाग पाडला, तो तिला दिसला नाही. रस्ताभर तिनं भाचीचा खांदा धरून ठेवला होता. आधारासाठी नव्हे, तू भरकटशील म्हणून, असं सांगून. आई दोन पावलं मागे, चोरी करून पकडल्यासारखा चेहरा.

रेकॉर्डबाईंनी मावशीलासुद्धा हात धुवायला लावले. भाचीला वाटलं आता इथं रणकंदन होणार, पण मावशीनं हात धुतले, पुसले आणि दाखवले. तिला नियम असलेली माणसं आवडायची. टेबलावर ठेवलेल्या रुमालाचं कापड तिनं चिमटीत धरून पाहिलं आणि कडेची शिवण उसवत आलीय, आठवड्यात सुटेल, असं बोटांनीच ओळखून सांगितलं. रेकॉर्डबाईंनी चष्मा लावून पाहिलं तर खरंच उसवली होती. दोघींचं एकमेकींबद्दल बरं मत झालं.

कारखान्याच्या गावाची वही उघडली. रेकॉर्डबाईंनी ओळीखाली पट्टी सरकवली आणि मागे सरकल्या. मावशी खुर्चीवर बसली, ऐटीत चष्मा पुसला, लावला आणि वाकली. अजून वाकली. नाक कागदाला टेकलं. खिडकीतून लख्ख ऊन वहीवर पडलं होतं, अक्षरं चांगली ठसठशीत, जुन्या काळ्या शाईची. तिनं तर्जनी पुढे केली आणि सावकाश डावीकडून उजवीकडे नेली, मग परत आणली. भाचीनं पाहिलं, बोट ओळीवर नव्हतंच. ते वहीच्या खालच्या कोऱ्या समासात फिरत होतं.

मावशी ताठ बसली. इथं काहीही लिहिलेलं नाही, असं तिनं जाहीर केलं. पान कोरं आहे. कुणी फसवलं तुम्हाला.

रेकॉर्डबाईंनी पट्टी पुन्हा ओळीखाली सरळ केली. इतके दिवस मावशीचं न दिसणं म्हणजे उलट्या बाह्या, चुकलेल्या पायऱ्या, सुईवाल्यांना शिव्या, म्हणजे हसण्यावारी नेता येईल असं काहीतरी होतं. ते कोऱ्या कागदावरून फिरणारं बोट भाचीला काही केल्या हसण्यावारी नेता येईना.

तेवढ्यात आई पुढे आली. ती सगळ्यात मागे, कपाटाला टेकून उभी होती, ती कधी पुढे आली ते कुणाला कळलंच नाही. तिनं मावशीचा हात मनगटाला धरला, उचलला आणि तिचं बोट बरोबर ओळीवर नेऊन ठेवलं.

‘इथं आहे,’ ती म्हणाली. ‘तुला दिसत नाही.’

मावशी म्हणाली, खोलीत उजेड कमी आहे.

‘उजेड भरपूर आहे.’ आईचा आवाज कापत होता, पण मोठा होता. इतका मोठा की माना वर झाल्या आणि यावेळी खाली गेल्याच नाहीत. ‘मी तुझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी आहे. या वहीत लिहिलंय, मी वाचलंय. आणि मी सांगते, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं. या आठवड्यात. मला उलट बोलायचं नाही.’

एवढं बोलून तिला धाप लागली. ती स्वतःच इतकी घाबरली होती की मावशीचं मनगट सोडायचं विसरून गेली.

मावशीचं बोट अजून त्या ओळीवर होतं, शाई जिथं जाड पडली होती तिथं कागद किंचित उंच लागत असावा, कारण ती बोटाच्या टोकानं तो पुन्हा पुन्हा चाचपत होती. शिवण बघतात तसा. मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘मोठ्यांचं ऐकायचं, ठरलंय ते.’

भाचीनं श्वास सोडला. तिला वाटलं झालं, सुटलो. पण मावशी उठली नाही. तिनं मान खाली घातली आणि मग जे बोलली ते इतक्या हळू आवाजात, की भाचीला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

‘मग आता एक सांगितलं तर चालेल का? मला भीती वाटते. तो डोळ्यात सुरी घालणार आणि मी जागी असणार. डॉक्टरनं सांगितल्यापासून मला झोप नाही. थोरलीनं असलं बोलून चालत नाही, म्हणून कधी बोलले नाही. आत्ताच नाही, कधीच.’ तिनं आईच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला, चाचपत चाचपत. ‘मला फार भीती वाटते गं, ताई.’

आईनं तिचं डोकं पोटाशी धरलं. मावशी बसलेली होती म्हणून ते जमलं, एरवी आई तिच्या खांद्याला लागायची. वाचनखोलीत रडायला मनाई आहे की नाही ते रेकॉर्डबाईंनाही ठाऊक नसावं; त्यांनी फक्त वही जपून बाजूला ओढून घेतली, पाणी पडायला नको म्हणून.

‘वाटू दे भीती,’ आई म्हणाली. ‘मी येते आत तुझ्याबरोबर. हात धरून बसते. सोडणार नाही.’

ऑपरेशनच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत, हे डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि भाचीला ते चांगलं आठवत होतं. पण ती काही बोलली नाही. घरातलं मोठं माणूस बोलत होतं.